तळ्याच्या बदल्यांत तळें

इंग्लंडांतील एखाद्या लहान शहराच्या वेशीबाहेर एक पडीक शेत असावें. शेताच्या कोपऱ्यांत गुरांच्या पाण्यासाठीं कोणे एके काळीं खणलेलें, आतां गाळानें निम्में भरलेलें आणि उंच गवतानें वेढलेलें एक तळें असावें. शहरांत राहावयास जागा नाहीं, भाडीं परवडत नाहींत, म्हणून त्या शेतावर २०० घरें बांधण्याचें ठरतें. नकाशे तयार होतात, पैसा उभा राहतो. आणि मग एका रात्रीं कोणी जाणकार विजेरी घेऊन त्या तळ्याच्या कांठीं जातो, पाण्यांत प्रकाश टाकून निरखतो, आणि सकाळीं कळवितो कीं, येथें तुरेवाला न्यूट आहे. ह्या एका वाक्यानें २०० घरांचें काम कित्येक महिने थांबूं शकतें. आणि तें थांबविणारा प्राणी वीतभरही लांब नसतो.

हा विषय तेथील मंत्र्यांच्या भाषणांपर्यंत जाऊन पोहोंचला आहे. ३० जून २०२० रोजीं डडली येथें केलेल्या भाषणांत पंतप्रधान बोरिस जॉन्सन ह्यांनीं अशी तक्रार केली कीं, न्यूट मोजण्यांत जाणारा वेळ हा देशाच्या भरभराटीवरचा मोठा भार आहे. पुढें २०२५ च्या जानेवारींत अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज ह्यांनीं, बांधकाम करणारांनीं वटवाघळें आणि न्यूट ह्यांची काळजी करणें सोडून बांधण्याकडे लक्ष द्यावें, अशा अर्थाचे उद्गार काढले. उलट पक्षीं निसर्गरक्षक म्हणतात कीं, घरें न होण्याचा दोष मुक्या प्राण्याच्या माथीं मारणें सोपें आहे, एवढेंच. माणूस विरुद्ध प्राणी असा हा सामना रंगविला कीं तो ऐकावयास गंमतीचा वाटतो. परंतु खरा प्रश्न निराळा आहे. एका ठिकाणीं मोडलेल्या घराची भरपाई दुसऱ्या ठिकाणीं घर बांधून देऊन होऊं शकते काय, आणि होत असल्यास ती कोणत्या अटींवर, हा तो प्रश्न होय. त्याचें उत्तर शोधावयाचें तर आधीं ह्या प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे.

न्यूट दिसावयास पालीसारखा किंवा लहानशा सरड्यासारखा असला तरी त्या कुळांतला नव्हे. तो बेडकाचा भाऊबंद, म्हणजे उभयचर वर्गांतला आहे. बेडकाचें शेंपूट मोठेपणीं नाहींसें होतें, ह्याचें जन्मभर राहतें, हा दोघांतला ठळक फरक. भारतांत ह्याचे नातेवाईक दार्जिलिंगकडील डोंगरांत व ईशान्येकडील मुलखांत आढळतात. सह्याद्रींत ते नाहींत, म्हणून मराठींत ह्याला घरगुती नांवही नाहीं. इंग्लंडांत न्यूटच्या तीन देशी जाती आहेत. त्यांपैकीं सर्वांत मोठी ती तुरेवाल्या न्यूटची. शास्त्रीय ग्रंथांत तिला ट्रिटुरस क्रिस्टाटस म्हणतात. ह्याची पाठ काळसर असून बारीक फोडांनीं खरबरीत झालेली असते. पोट मात्र भडक नारिंगी, आणि त्यावर काळे चट्टे. हे चट्टे प्रत्येक न्यूटचे निराळे असतात, जसे माणसाच्या अंगठ्याचे ठसे. त्यामुळें पोटाचें छायाचित्र घेऊन एकच न्यूट वर्षानुवर्षें ओळखतां येतो. वसंत ऋतूंत नराच्या पाठीवर करवतीच्या दांत्यांसारखा तुरा उगवतो आणि शेंपटीवर रुपेरी पट्टा चमकूं लागतो. विणीचा हंगाम सरला कीं तुराही ओसरतो.

हिवाळा संपतांना, पावसाच्या आणि किंचित् उबदार अशा रात्रीं, न्यूट आपल्या दडण्याच्या जागा सोडून तळ्याची वाट धरतात. मादी एका हंगामांत सुमारें २०० ते ३०० अंडीं घालते; पण बेडकीप्रमाणें पुंजक्यानें घालीत नाहीं. एकेक अंडें ती पाणवनस्पतीच्या पानावर चिकटविते आणि मागील पायांनीं तें पान त्यावर दुमडून विड्यासारखी घडी घालते. इतकी निगा राखूनही, गुणसूत्रांतील एका जन्मजात दोषामुळें निम्मीं अंडीं वाढतच नाहींत. उरलेल्या अंड्यांतून निघालेलीं कल्लेवालीं पिलें तळ्याच्या मधल्या पाण्यांत मोकळेपणीं पोहत राहतात, आणि म्हणूनच माशांच्या तोंडीं सहज सांपडतात. ज्या तळ्यांत कोणी हौसेनें मासे आणून सोडले, तेथें न्यूटचा वंश बहुधा टिकत नाहीं. ह्या कारणानें, कांहीं वर्षांआड एखाद्या उन्हाळ्यांत कोरडें पडणारें तळें, जें माणसाला निकामी वाटतें, तेंच न्यूटला सोयीचें असतें. कारण पाणी आटलें कीं मासे मरतात, आणि मोठे न्यूट मात्र जमिनीवर सुखरूप असतात.

मोठा न्यूट वर्षांतील बराच काळ जमिनीवर घालवितो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. उंच गवत, शेताच्या बांधावरील झुडपें, कुजके ओंडके, दगडांचे ढीग, उंदरांचीं सोडलेलीं बिळें, हीं त्याचीं घरें. हिवाळ्यांत ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो अशाच जागीं निपचित पडून असतो. बहुतेक न्यूट तळ्यापासून २५० मीटरांच्या आंत राहतात. कांहीं ५०० मीटरांपर्यंत जातात. तेव्हां तळें राखून भोवतीं चहूंकडे रस्ते आणि भिंती घातल्या, तर तळें वांचलें आणि न्यूट गेला, असें होतें. शिवाय एकटें तळें कधींच पुरेसें नसतें. एका तळ्यांत मासे शिरले, दुसरें गाळानें भरलें, तर तिसऱ्यांतले न्यूट तेथें पुन्हां वस्ती करतात. जवळजवळ असलेल्या अनेक तळ्यांचा हा परस्परांतला एक प्रकारचा शेजारधर्मच आहे. तो तुटला कीं उरलेलें प्रत्येक तळें एकाकी पडतें.

आतां ह्या तळ्यांच्या जन्माकडे पाहिलें म्हणजे एक मौजेची गोष्ट दिसते. न्यूट जेथें राहतो तीं बहुतेक तळीं निसर्गानें केलेलीं नाहींत. तीं माणसानें खणलेलीं आहेत. चेशर परगण्यांत शेतकरी शेताच्या मधोमध खड्डे घेऊन मार्ल नांवाची चुनखडीयुक्त चिकणमाती काढीत आणि खत म्हणून शेतावर पसरीत. काम झाल्यावर त्या खड्ड्यांत पावसाचें पाणी साठलें, गुरें तेथें पाणी पिऊं लागलीं, आणि कोणाच्या मनांत नसतां न्यूटची सोय झाली. कोठें विटांच्या मातीसाठीं, कोठें गुरांसाठीं, कोठें गिरणीसाठीं अशीं हजारों तळीं झालीं. पुढें रासायनिक खतें आलीं, नळाचें पाणी गोठ्यापर्यंत आलें, मोठीं यंत्रें शेतांत फिरूं लागलीं. तळें म्हणजे फुकट अडलेली जमीन ठरलें. विसाव्या शतकांत ब्रिटनमधील सुमारें निम्मीं तळीं अशा रीतीनें बुजलीं किंवा बुजविलीं गेलीं. न्यूट दुर्मिळ होत गेला तो ह्यामुळें.

म्हणून कायद्यानें त्याला आश्रय दिला. १९७९ च्या बर्न येथील करारांत त्याचें नांव आलें. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानें त्याला संरक्षण मिळालें. १९९२ सालीं युरोपीय राष्ट्रसमूहानें प्राण्यांच्या वसतिस्थानांविषयीं जो निर्देश काढला, त्यानें तें अधिक कडक केलें. तो निर्देश १९९४ च्या नियमांनीं ब्रिटनमध्यें लागू झाला. हे नियम पुढें २०१७ मध्यें नव्यानें संकलित झाले, आणि ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडल्यावरही राहिले. त्यांप्रमाणें ह्या न्यूटला मारणें, पकडणें, जाणूनबुजून त्रास देणें, त्याची वीण होण्याची किंवा विसांव्याची जागा मोडणें हा गुन्हा आहे. त्याबद्दल दंड आणि सहा महिनेपर्यंत कैद होऊं शकते. अपवाद करावयाचा तर सरकारी परवाना हवा, आणि तो तीन कसोट्यांवर मिळतो. काम सार्वजनिक हिताच्या दृष्टीनें निकडीचें असावें. दुसरा समाधानकारक मार्ग नसावा. आणि त्या जातीची एकंदर स्थिति खालावूं नये. ह्यांतील तिसरी कसोटी वाचकानें विशेष लक्षांत ठेवावी. तिच्यांत प्रत्येक न्यूट वांचलाच पाहिजे असें म्हटलेलें नाहीं. त्या जातीचें मान टिकलें पाहिजे, असें म्हटलें आहे. पुढील सर्व व्यवस्था ह्या एका भेदावर उभी आहे.

जुनी पद्धति पुढीलप्रमाणें होती. ती आजही कित्येक ठिकाणीं चालते. प्रथम मोजणी. ती मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच होऊं शकते, कारण तेव्हांच न्यूट पाण्यांत असतात. हा हंगाम हुकला तर वर्ष गेलें. रात्रीं विजेरीनें पाहणें, प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे सांपळे संध्याकाळीं लावून सकाळीं तपासणें, दुमडलेल्या पानांत अंडीं शोधणें, असें हें काम चार वेळां, आणि न्यूट आढळल्यास सहा वेळां करावें लागे. न्यूट आहेत असें ठरलें कीं जागेभोंवतीं प्लॅस्टिकचें बुटकें कुंपण उभारावयाचें, कुंपणाच्या कडेनें जमिनींत बादल्या पुरावयाच्या, आणि रोज सकाळीं त्यांत पडलेले न्यूट उचलून जवळच मुद्दाम तयार केलेल्या जागीं सोडावयाचे. वस्ती लहान असेल तर हा क्रम कमींत कमी ३० दिवस, मोठी असेल तर ९० दिवस चालवावयाचा. आणि थंडी पडली कीं काम बंद, कारण न्यूट बाहेरच येत नाहींत.

ह्या पद्धतीमागील हेतु चांगला होता. प्रत्येक जीव हातानें उचलून वांचविण्यांत एक प्रकारची करुणाही होती. परंतु तिचे दोष हळूहळू उघडे पडले. पैशाचा मोठा भाग कुंपणांत, बादल्यांत आणि मजुरींत जाई. नव्या वसतिस्थानाच्या वांट्याला थोडका उरे. तें नवें स्थान बहुधा त्याच वसाहतीच्या एखाद्या कोपऱ्यांत, घरांच्या आणि रस्त्यांच्या मध्यें अडकलेलें असे. तेथें लवकरच कोणी मासे सोडी, कोणी कचरा टाकी, आणि भोवतालच्या तळ्यांशीं त्याचा संबंध तुटलेलाच असे. सर्वांत मोठी उणीव अशी कीं, घरें विकलीं गेल्यावर तेथें न्यूट राहिले कीं नाहीं हें पाहावयास फारसें कोणी जात नसे. परवान्याच्या कागदावर न्यूट वांचलेले असत. तळ्यांत ते होते कीं नव्हते, ह्याची नोंद अपुरी राही.

ह्यावर तोड म्हणून एक निराळी कल्पना पुढें आली. प्रत्येक बांधकामापाशीं स्वतंत्र लढाई करण्याऐवजीं सबंध जिल्ह्याचा विचार एकत्र करावा. सरे परगण्यांतील वोकिंग येथें तेथील नगरसंस्था आणि नॅचरल इंग्लंड हें सरकारी निसर्गखातें ह्यांनीं २०१६ मध्यें हा प्रयोग प्रथम सुरू केला. २०१८ मध्यें ऑक्सफर्ड, बेडफर्ड, मिल्टन कीन्स इत्यादि भागांत नेचरस्पेस ह्या संस्थेच्या द्वारें अशीच योजना आली, आणि पुढें केंट, चेशर इत्यादि परगण्यांत नॅचरल इंग्लंडनें स्वतः ती चालू केली. तिला जिल्हा-परवाना असें म्हणतात.

योजनेचें काम नकाशापासून सुरू होतें. जिल्ह्यांतील तळीं तपासून न्यूट कोठें आहेत, कोठें असण्याचा संभव आहे, ह्याचे विभाग पाडतात. ह्या तपासणींत एका नव्या साधनाचा मोठा उपयोग झाला. न्यूट ज्या पाण्यांत राहतो त्यांत त्याच्या कातडीचे, विष्ठेचे सूक्ष्म कण सुटतात आणि त्यांतील डी. एन. ए. कांहीं दिवस टिकतो; तळ्याच्या कांठानें २० जागांचें पाणी घेऊन प्रयोगशाळेंत धाडलें कीं न्यूट आहे कीं नाहीं हें कळूं शकतें. २०१४ पासून ही परीक्षा अधिकृत रीतीनें मान्य झाली आहे. रात्रींचीं अनेक जागरणें तिनें वांचविलीं. नकाशा झाल्यावर, बांधणारानें आपली जागा कोणत्या विभागांत पडते हें पाहावें, तेथें होणाऱ्या नुकसानीच्या मानानें ठरलेली रक्कम भरावी, आणि काम सुरू करावें. त्याला हंगामाची वाट पाहावी लागत नाहीं. कुंपण आणि बादल्याही बहुधा लागत नाहींत. त्या रकमेंतून, न्यूटला खरोखर मानवेल अशा निवडक मुलखांत, नवीं तळीं खणलीं जातात व जुनीं दुरुस्त होतात. न्यूटचें एक तळें नाहींसें होणार असेल तर त्यामागें चार तळीं, असें प्रमाण आहे. आणि त्या तळ्यांची २५ वर्षें निगा व तपासणी करण्याची जबाबदारी योजनेवर आहे. जेथें न्यूटच्या महत्त्वाच्या वस्त्या आहेत, ते भाग नॅचरल इंग्लंडच्या नकाशावर तांबडे दाखविलेले असतात. तेथें हा सुलभ मार्ग उपलब्ध नसतो.

ह्या साऱ्यांत सर्वांत मोलाची गोष्ट क्रमाची आहे. योजनेचें तत्त्व असें कीं, नवें तळें आधीं, जुनें मोडणें नंतर. नुकसान आज आणि भरपाई पुढें केव्हांतरी, असा व्यवहार झाला तर ती पुढच्या तारखेची हुंडी होय. ती वटेल कीं नाहीं हें कोणी सांगूं शकत नाहीं, आणि न्यूटला तर हुंडी वाचतांही येत नाहीं. आधीं खणलेलें तळें मात्र रोख रकमेसारखें आहे. नवें तळें खणल्याबरोबर जिवंत होत नाहीं. त्यांत वनस्पति रुजाव्या लागतात, किडे यावे लागतात, शेजारच्या तळ्यांतून न्यूट चालत यावे लागतात, आणि ह्या जातीचा न्यूट वयांत यावयास दोन ते चार वर्षें लागतात. एवढा काळ हातीं असल्याशिवाय बदल्याला बदला म्हणतां येत नाहीं.

तळें खणणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. तें ओढ्यापासून किंवा नाल्यापासून दूर असावें, म्हणजे पुराबरोबर मासे येत नाहींत आणि शेतांतील खतें धुपून येत नाहींत. त्यावर सकाळ-दुपारचें ऊन पडावें. दाट झाडांच्या सावलींत पाणवनस्पति वाढत नाहींत आणि अंड्यांसाठीं पानें मिळत नाहींत. कांठ हलक्या उताराचे असावेत. भोवतीं चरावयास मोकळें न सोडलेलें उंच गवत, ओंडक्यांचे ढीग आणि झुडपांची ओळ असावी. कित्येकदां नवें खणण्यापेक्षां जुनें उघडणें अधिक फलदायी होतें. नॉरफोक परगण्यांत जुन्या नकाशांवरून बुजविलेल्या तळ्यांच्या जागा हुडकून तीं पुन्हां खणण्यांत आलीं. त्यांना तेथें भुतांचीं तळीं म्हणतात. खालचा जुना गाळ उघडा पडून त्यावर पाणी व प्रकाश आला, तेव्हां शतकाहून अधिक काळ मातीखालीं निजलेलें पाणवनस्पतींचें बीं उगवून आलें. बुजविणारांनीं तळें पुरलें होतें. तें मेलें नव्हतें.

योजनेचे विरोधक जें म्हणतात तेंही नीट ऐकून घेतलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, नव्या पद्धतींत मोडावयाच्या जागेवरील न्यूट बहुधा उचलून नेले जात नाहींत. यंत्रें सुरू झालीं कीं ते तेथेंच मरतात. जिल्ह्यांत दुसरीकडे त्यांच्या जातीचीं चार तळीं भरतील, पण त्या जागचे जीव गेले ते गेले. हिशेबानें हें योग्य असेल. मनाला तें बोचतें, आणि बोचलें पाहिजे. दुसरा आक्षेप माणसांविषयीं आहे. शहराच्या कडेचें तळें गेलें आणि त्याच्या बदल्यांत वीस मैलांवर चार झालीं, तर न्यूटची संख्या वाढेल. परंतु त्या शहरांतील मुलाला शाळेंतून येतांना पाण्यांत वांकून पाहावयास जें मिळत होतें तें गेलें. त्याची भरपाई कोणत्या कोष्टकांत मांडावी? तिसरा आक्षेप विश्वासाचा. पैसा भरला कीं परवाना मिळतो, अशी संवय लागली तर आधीं दुसरा मार्ग शोधण्याचा कंटाळा येतो. आणि २५ वर्षें म्हणजे तरी किती? चांगल्या ठिकाणीं न्यूट १५ वर्षेंही जगतो. म्हणजे ही मुदत अशा न्यूटच्या दोन आयुष्यांएवढीही नव्हे. घरें मात्र शंभर वर्षें उभीं राहावयाचीं आहेत.

ह्या आक्षेपांना योजनेचे कैवारी जें उत्तर देतात त्यांतही तथ्य आहे. जुन्या पद्धतींत उचललेले न्यूट कोंडलेल्या कोपऱ्यांत सोडले जात, आणि त्यांचें पुढें काय होई हें पाहिलें जात नसे. जीव वांचल्याचें समाधान मिळे, वंश वांचल्याची खात्री नसे. नव्या पद्धतींत पैसा मातींत आणि पाण्यांत जातो, शेतकऱ्यालाही आपल्या जमिनींत तळें राखल्याचा मोबदला मिळतो, आणि नव्या तळ्यांत न्यूट येऊन राहिल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. दोन्ही पक्ष तोलून पाहतां असें दिसतें कीं, न्यूटच्या बाबतींत बदल्याचा हा व्यवहार सफल होऊं शकतो. पण तो न्यूटच्या स्वभावामुळें होऊं शकतो. हा प्राणी माणसानें खणलेल्या खड्ड्यांतच शतकानुशतकें राहत आला आहे, आणि जवळपास वस्ती असेल तर नव्या तळ्यांत आपल्या पायांनीं जातो.

पीटरबरो शहराजवळचें हॅम्पटन हें ह्याचें ठळक उदाहरण. तेथें विटांच्या कारखान्यांसाठीं अनेक वर्षें चिकणमाती काढली जात होती. यंत्रांनीं माती ओढून काढतांना जमिनीवर वरंबे आणि सऱ्या पडल्या. सऱ्यांत पाणी सांचलें आणि शेंकडों तळीं आपोआप झालीं. खाणकाम थांबल्यावर तेथें ह्या न्यूटची युरोपांतील सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकीं एक वस्ती असल्याचें दिसून आलें. १९९० नंतरच्या काळांत शेजारीं नवें उपनगर उभारतांना बांधावयाच्या जागेंतील हजारों न्यूट उचलून राखीव भागांत नेण्यांत आले. आज त्या राखीव भागांत ३०० हून अधिक तळीं आहेत, आणि फ्रॉगलाइफ ही उभयचरांसाठीं झटणारी संस्था त्यांची दीर्घकाळ देखरेख करीत आली आहे. ज्या मातीच्या विटांनीं माणसाचीं घरें झालीं, तिच्याच खड्ड्यांत न्यूटचें घर झालें. परंतु येथें यश आलें तें नुसत्या उचलून नेण्यानें आलें नाहीं. वस्तीचा गाभा जागच्या जागीं राखला आणि त्याची निगा कधीं सोडली नाहीं, म्हणून तें आलें.

हाच धडा ऑस्ट्रेलियांतही मिळाला. सिडनी येथें २००० च्या ऑलिंपिक सामन्यांची तयारी चालली असतां, एका सोडून दिलेल्या विटांच्या खाणींत संकटांत सांपडलेल्या एका हिरव्या-सोनेरी बेडकाची वस्ती आढळली. टेनिसचें मैदान त्याच खाणींत व्हावयाचें होतें. तें दुसरीकडे हलविलें गेलें, खाण बेडकांना राहिली, आणि भोवतीं त्यांच्यासाठीं आणखी तळीं केलीं गेलीं. आज तेथें खाणीच्या वर उंच गोल पूल आहे. माणसें वरून चालतात, बेडूक खालीं राहतात. आधीं टाळतां येईल तें टाळावें, टळत नसेल तेथें हानि कमी करावी, आणि उरलेल्याचीच भरपाई करावी, हा निसर्गरक्षणांतील क्रम ह्या उदाहरणांत स्पष्ट दिसतो. भरपाई ही शेवटची पायरी आहे. ती पहिली झाली कीं तिचें रूपांतर किंमतींत होतें.

ह्या गोष्टीला आज विशेष महत्त्व आलें आहे. इंग्लंडांत २०२४ च्या फेब्रुवारीपासून बहुतेक नव्या बांधकामांनीं निसर्गाच्या मोजमापांत १० टक्के भर घालावी आणि ती ३० वर्षें राखावी असा नियम झाला. २०२५ च्या मार्चमध्यें मांडलेल्या नियोजनविषयक विधेयकाचा त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला, आणि त्यांत बांधणारानें निधींत पैसे भरावेत व त्यांतून सबंध प्रदेशासाठीं निसर्गाचें काम व्हावें, ही न्यूटवर तपासलेली कल्पना इतर प्राण्यांना आणि वसतिस्थानांनाही लावण्याची वाट मोकळी झाली आहे. येथें सावध राहिलें पाहिजे. तळें दहा वर्षांत तळें होतें. तीनशें वर्षांचें रान दहा वर्षांत रान होत नाहीं. जुन्या झाडाच्या ढोलींत राहणाऱ्या वटवाघळाला रोपवाटिकेंतील रोप दाखवून उपयोग नाहीं. भारतांतही १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालीं वनजमीन घेतल्यास दुसरीकडे झाडें लावण्याची अट असते, आणि त्या निधीच्या व्यवस्थेसाठीं २०१६ मध्यें स्वतंत्र कायदा झाला. तेथेंही तोडलेलें रान आणि लावलेलीं रोपें हीं एकाच मापानें मोजतां येतात काय, हाच प्रश्न उभा राहतो.

तात्पर्य, बदल्याचा व्यवहार मुळांत खोटा नाहीं. तो खरा करावा लागतो. मोडावयाच्या वस्तूसारखी वस्तु पुन्हां होऊं शकते काय, ती मोडण्याआधीं तयार आहे काय, आणि पैसा भरणारा निघून गेल्यावर ती पाहावयास कोणी जाणार आहे काय, हे तीन प्रश्न विचारून तिन्हींचें उत्तर होकारार्थी मिळालें, तर माणसाला घर मिळावें आणि न्यूटलाही मिळावें, ह्यांत विरोध राहत नाहीं. एकाचेंही उत्तर नकारार्थी असेल, तर कागदावर चार तळीं मांडून एक खरें तळें बुजविलें, एवढाच त्याचा अर्थ होतो. तळें आहे कीं नाहीं हें शेवटीं कागदावरून ठरत नाहीं. मार्चच्या एखाद्या पावसाळी रात्रीं, काळोखांत वाट काढीत एखादी मादी पाण्याशीं येते, एक पान शोधते, आणि त्यावर अंडें ठेवून तें हळूच दुमडते. भरपाई पोहोंचल्याची पावती ती हीच.